कॉर्न स्नेकची निवडक पैदास

कॉर्न स्नेक या बिनविषारी अमेरिकन सापाची बंदिस्त अवस्थेत विशिष्ट रंग किंवा नक्षी मिळवण्यासाठी पिढ्यानपिढ्या केलेली पैदास म्हणजे कॉर्न स्नेकची निवडक पैदास होय. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या या पैदाशीतून पांढरट, गुलाबी, करडे, जांभळट, गर्द लाल, पट्टेदार अशा अनेक छटांचे साप तयार झाले आहेत. हे सर्व एकाच जातीचे साप असून त्यांतील फरक मोजक्या जनुकांच्या उत्परिवर्तनामुळे पडतो. हौशी पालक अशा प्रत्येक रूपाला 'मॉर्फ' म्हणतात. या लेखात त्यासाठी 'रंगप्रकार' हा शब्द वापरला आहे. पाळीव सापांमध्ये आनुवंशिकतेचे नियम ज्यांच्यावर सर्वाधिक तपशिलाने पडताळले गेले, त्यांत कॉर्न स्नेकची गणना होते. अंतःप्रजनन, आनुवंशिक दोष, परक्या जातींचा प्रसार आणि स्थानिक सापांचे संरक्षण हे प्रश्नही या छंदाशी निगडित आहेत. भारतात, विशेषतः सह्याद्रीला लागून असलेल्या कोल्हापूरसारख्या सर्पसमृद्ध जिल्ह्यात, या प्रश्नांना कायदेशीर बाजूही आहे.

मूळ साप

कॉर्न स्नेकचे शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटॅटस असे आहे. कार्ल लिनियस याने १७६६ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. दीर्घकाळ ही जात एलाफे या प्रजातीत गणली जात असे. महाराष्ट्रात आढळणारा तस्कर हा बिनविषारी सापही पूर्वी याच प्रजातीत समाविष्ट होता. पुढे वर्गीकरणाची फेरमांडणी होऊन दोहोंना स्वतंत्र प्रजातींत स्थान मिळाले. दोन्ही साप कोलुब्रिडी या कुळातील आहेत.

कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेस लुइझियानापर्यंत आढळतो. प्रौढ सापाची लांबी साधारणपणे ६० ते १८० सेंटिमीटर असते. उंदीर व अन्य लहान प्राणी हे त्याचे मुख्य भक्ष्य असून तो भक्ष्याला विळखा घालून मारतो. नारिंगी किंवा तपकिरी अंगावर काळ्या किनारीचे तांबडे ठिपके आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकडीची नक्षी हे त्याचे नैसर्गिक रूप होय. पोटावरील चौकडी रंगीत मक्याच्या कणसातील दाण्यांसारखी दिसते म्हणून त्याला हे नाव पडले, असे एक मत आहे. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर येणारा साप म्हणून हे नाव रूढ झाले, असे दुसरे मत आहे.

शांत स्वभाव, बेताचा आकार, मारलेले उंदीर सहज स्वीकारण्याची सवय आणि बंदिस्त अवस्थेत सुलभ प्रजनन या गुणांमुळे हा साप पाळीव प्राणी म्हणून जगभर लोकप्रिय झाला. योग्य निगा राखल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो.

रंग कसा तयार होतो

सस्तन प्राण्यांच्या केसांचा व त्वचेचा रंग जवळजवळ सर्वस्वी मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. सापांच्या त्वचेत मात्र वेगवेगळ्या प्रकारच्या रंगपेशी असतात. मेलॅनिनयुक्त पेशी काळा व तपकिरी रंग देतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींत पिवळी व तांबडी रंगद्रव्ये साठवलेली असतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशींतील सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात. या पेशींची संख्या, त्यांतील द्रव्य आणि त्वचेवरील त्यांची मांडणी यांवरून सापाचा रंग व नक्षी ठरते.

यामुळे मेलॅनिन तयार न होणारा ससा किंवा उंदीर पांढराशुभ्र दिसतो, पण मेलॅनिन नसलेला कॉर्न स्नेक पांढरा नसतो. त्याचा काळा रंग तेवढा नाहीसा होतो आणि तांबडा, नारिंगी व पिवळा रंग अधिकच उठून दिसतो. डोळे मात्र लाल दिसतात. तांबडे रंगद्रव्य नसलेला साप याउलट करडा व काळा दिसतो. संपूर्ण पांढरट साप मिळण्यासाठी हे दोन्ही अभाव एकाच सापात एकत्र यावे लागतात. निवडक पैदाशीचे बहुतेक तंत्र या साध्या बेरीज-वजाबाकीवर उभे आहे.

इतिहास

प्राण्यांची रूपावरून निवड करण्याची प्रथा प्राचीन आहे. पश्चिम महाराष्ट्रात खिलार जनावरांची पैदास करताना वेगाबरोबरच रंग, शिंगांची ठेवण आणि बांधा पाहून वळू निवडला जातो. खिलार जनावरांची कोसा, काजळी यांसारखी नावे रंगछटेवरूनच पडली आहेत. सापांच्या बाबतीत अशी निवड अलीकडची आहे, कारण त्यासाठी साप बंदिस्त अवस्थेत नियमितपणे प्रजनन करणे आवश्यक होते.

कॉर्न स्नेकच्या रंगपैदाशीचा आरंभ मेलॅनिन नसलेल्या एका नरापासून झाला. हा नर १९५३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात रानात सापडला होता. व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ असलेले एच. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्या वंशजांवर प्रजननाचे प्रयोग केले. मेलॅनिनचा हा अभाव अप्रभावी जनुकामुळे संक्रमित होतो, हे दाखवणारा त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील दशकांत तांबडा रंग नसलेले, मेलॅनिन कमी असलेले आणि वेगळ्या नक्षीचे साप पैदासकारांच्या हाती आले. त्यांच्या परस्पर संकरातून रंगप्रकारांची संख्या झपाट्याने वाढली. बेक्टेल यांनी सरपटणारे प्राणी व उभयचर यांच्या रंगभेदांवर लिहिलेला ग्रंथ १९९५ मध्ये प्रकाशित झाला.

या रंगप्रकारांमागील रेणवीय कारणे एकविसाव्या शतकात स्पष्ट होऊ लागली. कॉर्न स्नेकमधील मेलॅनिनचा अभाव ओसीए-२ या जनुकात शिरलेल्या एका परक्या डीएनए तुकड्याशी संबंधित असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. याच जनुकातील बिघाडामुळे मानवामध्येही वर्णहीनतेचा एक प्रकार उद्भवतो. 'लॅव्हेंडर' या जांभळट-करड्या रंगप्रकाराचा संबंध लिस्ट नावाच्या जनुकाशी असल्याचे २०२० मध्ये, तर ठिपक्यांऐवजी रेषा निर्माण करणाऱ्या 'टेराझो' या प्रकारात पीमेल जनुकाचा सहभाग असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांचा या कामात मोठा वाटा आहे.

आनुवंशिकतेचे गणित

कॉर्न स्नेकचे बहुतेक रंगप्रकार अप्रभावी जनुकांमुळे निर्माण होतात. प्रत्येक पिलाला एका जनुकाची एक प्रत नराकडून आणि एक मादीकडून मिळते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच नवा रंग दिसतो. एकच प्रत बदललेली असेल तर साप नेहमीसारखा दिसतो, पण बदललेले जनुक पुढील पिढीकडे पोहोचवू शकतो. अशा सापाला वाहक म्हणतात. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून मांडलेले एकसंकर व द्विसंकराचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात.

मेलॅनिन नसलेला 'अमेलॅनिस्टिक' साप आणि तांबडा रंग नसलेला 'ॲनेरिथ्रिस्टिक' साप यांचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व पिले नैसर्गिक रंगाची निपजतात. वरकरणी प्रयोग फसल्यासारखा वाटतो, परंतु ही सर्व पिले दोन्ही जनुकांची वाहक असतात. त्यांचा आपसांत संकर केल्यास दुसऱ्या पिढीत सरासरी १६ पिलांमागे ९ नैसर्गिक रंगाची, ३ अमेलॅनिस्टिक, ३ ॲनेरिथ्रिस्टिक आणि १ दोन्ही रंगांचा अभाव असलेले पिलू मिळते. या शेवटच्या गुलाबी-पांढऱ्या प्रकाराला 'स्नो' म्हणतात.

हे प्रमाण सरासरीचे असते. प्रत्येक अंड्यात स्नो पिलू असण्याची शक्यता १६ पैकी १ असल्याने, २० अंड्यांच्या एका घालीत असे एकही पिलू नसण्याची शक्यता सुमारे २७ टक्के राहते. तीन अप्रभावी जनुके एकत्र आणायची असतील तर प्रमाण ६४ मध्ये १ इतके घटते आणि २० अंड्यांतून अपेक्षित पिलू न मिळण्याची शक्यता सुमारे ७३ टक्क्यांवर जाते.

वाहक साप बाहेरून ओळखता येत नाही, ही पैदासकारांपुढील दुसरी अडचण आहे. एकाच जनुकाच्या दोन वाहकांच्या संकरातून निपजलेल्या नैसर्गिक रंगाच्या पिलांपैकी दोन तृतीयांश पिले वाहक असतात. म्हणून अशी पिले विकताना त्यांच्यापुढे '६६ टक्के संभाव्य वाहक' अशी नोंद केली जाते. निश्चित माहितीसाठी चाचणी-संकर करावा लागतो किंवा उपलब्ध असल्यास जनुकीय चाचणीचा आधार घ्यावा लागतो. सबब, वंशावळीच्या प्रामाणिक नोंदी हा या पैदाशीचा कणा समजला जातो.

प्रमुख रंगप्रकार

अमेलॅनिस्टिक: काळ्या रंगाचा पूर्ण अभाव, नारिंगी-तांबडे ठिपके, लाल डोळे.

ॲनेरिथ्रिस्टिक: तांबड्या रंगाचा अभाव, करड्या अंगावर गडद ठिपके. वयानुसार गळ्याजवळ पिवळसर छटा येते. फ्लोरिडात असे साप रानातही आढळतात.

चारकोल: हाही करडा प्रकार आहे, परंतु वेगळ्या जनुकामुळे उद्भवतो. यात गळ्याजवळची पिवळी छटा सहसा नसते.

हायपोमेलॅनिस्टिक: मेलॅनिन कमी असल्याने एकूण रंग उजळ दिसतो.

कॅरामेल: तांबड्याऐवजी पिवळट-तपकिरी रंग.

लॅव्हेंडर: जांभळट-करडी छटा.

यांच्या संयोगांना स्वतंत्र नावे आहेत. अमेलॅनिस्टिक व चारकोल यांचा संयोग 'ब्लिझर्ड', अमेलॅनिस्टिक व कॅरामेल यांचा 'बटर', अमेलॅनिस्टिक व लॅव्हेंडर यांचा 'ओपल', तर हायपोमेलॅनिस्टिक व ॲनेरिथ्रिस्टिक यांचा 'घोस्ट' म्हणून ओळखला जातो.

नक्षीचे प्रकार रंगाच्या जनुकांपासून स्वतंत्रपणे संक्रमित होतात. 'मॉटली' प्रकारात पाठीवरील ठिपके एकमेकांना जोडले जातात आणि पोटावरील चौकडी नाहीशी होते. 'स्ट्राइप' प्रकारात पाठीवर लांब रेषा असतात. हे दोन्ही एकाच जनुकाचे पर्यायी प्रकार आहेत. 'डिफ्यूज्ड' प्रकारात ठिपक्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. 'टेसेरा' हा प्रकार बहुतेकांप्रमाणे अप्रभावी नसून त्याच्या जनुकाची एकच प्रत नक्षी बदलण्यास पुरेशी ठरते.

काही रूपे एका जनुकाने ठरत नाहीत. साउथ कॅरोलिनातील ओकीटी परिसरातल्या सापांच्या ठिपक्यांना जाड काळी किनार असते. हे लक्षण अनेक पिढ्यांच्या निवडीतून अधिक ठळक करण्यात आले आहे. अशा निवडीत उत्तम किनारीचे नर-मादी दर पिढीला वेचले जातात आणि फरक हळूहळू साचत जातो.

पैदाशीची पद्धत

मादी पुरेशी वाढल्याशिवाय तिचे प्रजनन करू नये, असा संकेत आहे. साधारण तीन वर्षांचे वय आणि ३०० ग्रॅम वजन हा त्यासाठीचा प्रचलित निकष होय. अपुऱ्या वाढीच्या मादीत अंडी अडकण्याचा धोका अधिक असतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

अनेक पैदासकार हिवाळ्यात सापांना दोन ते तीन महिने थंड व अंधाऱ्या जागी ठेवतात. तापमान साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस राखले जाते आणि या काळात अन्न दिले जात नाही. तापमान पुन्हा वाढवल्यावर साप खाऊ लागतात व वसंत ऋतूत मीलन होते. मादी सुमारे १० ते ३० अंडी ओलसर शेवाळात घालते. ही अंडी सुमारे २८ अंश तापमानाला ५५ ते ६५ दिवसांत उबतात. पिले २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची असतात आणि पहिली कात टाकल्यानंतर खाऊ लागतात. पिलांचे रंग वयानुसार बरेच बदलत असल्याने रंगप्रकाराचा अंतिम निर्णय काही महिन्यांनी घेतला जातो.

अंतःप्रजनन व आनुवंशिक दोष

वरील गणितातच या छंदाचा मुख्य धोका दडलेला आहे. स्नो पिलांचे प्रमाण १६ मध्ये १ वरून ४ मध्ये १ वर आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही जनुकांच्या वाहकाचा संकर स्नो सापाशी करणे. नवा रंगप्रकार प्रथम एकाच सापात आढळतो तेव्हा त्याचे जनुक असलेले इतर सर्व साप त्याचेच वंशज असतात. त्यामुळे जन्मदाता व संतती किंवा भावंडे यांचा संकर करण्याकडे कल वाढतो. ज्या प्रक्रियेने अप्रभावी रंग प्रकट होतो, त्याच प्रक्रियेने त्या वंशातील लपलेले अप्रभावी दोषही प्रकट होतात.

'स्टारगेझर' हा विकार त्याचे ठळक उदाहरण आहे. हा विकार असलेल्या सापाचे हालचालींवर नियंत्रण राहत नाही. तो डोके मागे वळवतो व सरळ सरपटू शकत नाही. अप्रभावी जनुकामुळे होणारा हा दोष 'सनकिस्ड' या लोकप्रिय रंगप्रकाराच्या वंशांत पसरल्याचे आढळले. वाहक साप पूर्णपणे निरोगी दिसत असल्याने तो रंगाबरोबर नकळत पुढे जात राहिला. चाचणी-संकर करून आणि पुढे जनुकीय चाचणीच्या साहाय्याने वाहक वेगळे काढण्याचे प्रयत्न पैदासकारांनी केले. गर्द लाल 'ब्लडरेड' सापांच्या आरंभीच्या वंशांत कमी प्रजननक्षमता आणि खाण्यास नकार देणारी पिले या तक्रारी होत्या. असंबंधित सापांशी संकर केल्यावर त्यांत सुधारणा झाली.

येथे दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक आहे. स्टारगेझरचा दोष रंगाच्या जनुकापासून वेगळा असल्याने तो काळजीपूर्वक निवडीने दूर करता येतो. बॉल पायथन या अजगराच्या 'स्पायडर' प्रकारात मात्र नक्षी आणि डोके डोलण्याचा विकार एकत्रच आढळतात. तेथे नक्षी राखून विकार टाळता येत नाही आणि अशा सापांची पैदास करावी की नाही, हा नैतिक प्रश्न उभा राहतो.

हव्या त्या रंगाचे एक पिलू मिळवताना निपजणाऱ्या उर्वरित पिलांचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. त्यांना बाजारात मागणी कमी असते, पण पुढील १५ ते २० वर्षे त्यांची निगा राखावी लागते.

पर्यावरणीय धोका

निसटलेले किंवा सोडून दिलेले कॉर्न स्नेक मूळ प्रदेशाबाहेर स्थिरावू शकतात. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर त्यांची रानटी संख्या प्रस्थापित झाली आहे. ऑस्ट्रेलियात हा साप बाळगण्यास बंदी असून तो धोकादायक परकी जात मानला जातो. बेटांवरील पक्षी, सरडे व लहान सस्तन प्राणी यांना अशा शिकाऱ्याचा उपद्रव पोहोचतो. परक्या सापांबरोबर येणारे परजीवी व रोग स्थानिक सापांत पसरण्याचा धोकाही असतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतातील स्थानिक सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे किंवा हौसेसाठी त्यांची पैदास करणे परवानगीविना बेकायदेशीर ठरते. नाग, धामण, अजगर किंवा तस्कर यांच्यावर रंगपैदाशीचा प्रयोग करण्यास खासगी व्यक्तीला मुभा नाही.

कॉर्न स्नेक ही परदेशी जात असल्याने तिची स्थिती वेगळी आहे. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जातींसाठी अनुसूची ४ निर्माण करण्यात आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अशा जाती बाळगणाऱ्यांनी नोंदणी करण्याबाबतचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले. कॉर्न स्नेक साइट्सच्या परिशिष्टांत नसल्याने तो या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. तथापि जिवंत प्राण्यांच्या आयातीला परकीय व्यापार, सीमाशुल्क आणि पशुसंगरोध यांचे नियम लागू असतात. प्राणी विक्रीच्या दुकानांना २०१८ चे नियम पाळावे लागतात. पर्यावरणास घातक ठरणाऱ्या परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकारही २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला मिळाला आहे.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूर जिल्ह्यात सापांविषयीच्या जागृतीची परंपरा वन्य सापांभोवती वाढली आहे. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे शिक्षक बाबुराव टक्केकर यांनी मामासाहेब लाड विद्यालयाच्या माध्यमातून सर्पप्रबोधनाचे कार्य उभे केले. ही सर्पशाळा जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व प्रदर्शन करण्याची प्रथा होती. न्यायालयीन आदेशांनंतर तिच्यावर निर्बंध आले.

सापांतील रंगवैविध्य पाहण्यासाठी या परिसरात पैदाशीची गरज भासत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आढळणारा मलबार चापडा हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी अशा अनेक रंगांत दिसतो. एकाच जंगलात त्याची वेगवेगळी रंगरूपे नांदतात. धामणही पिवळसर छटेपासून जवळजवळ काळ्या रंगापर्यंत आढळते. वर्णहीन नाग किंवा अन्य साप क्वचित सापडतात. त्यांचा रंग परिसराशी मिसळत नसल्याने ते शिकाऱ्यांच्या नजरेस लवकर पडतात, म्हणून रानात अशी रूपे दुर्मीळच राहतात. बंदिस्त पैदाशीत निवड माणसाच्या नजरेने होते आणि रानात ती शिकारी, भक्ष्य व हवामान यांच्याकडून होते, हा दोहोंतील मूलभूत फरक होय.

दुर्मीळतेला किंमत येणे स्थानिक सापांसाठी घातक ठरू शकते. मांडूळ या निरुपद्रवी सापाला गुप्तधन व औषधी गुणांच्या अंधश्रद्धेमुळे आणि वजनानुसार मोठी किंमत मिळते या समजुतीमुळे तस्करीला तोंड द्यावे लागते. पश्चिम महाराष्ट्रात अशा तस्करीचे गुन्हे नोंदले गेले आहेत. बंदिस्त अवस्थेत जन्मलेला कॉर्न स्नेक आणि रानातून पकडलेला स्थानिक साप यांत कायद्याने व नीतीने मोठे अंतर आहे. उसाच्या व भाताच्या शेतांत उंदरांवर नियंत्रण ठेवण्याचे जे काम अमेरिकेतील शेतांत कॉर्न स्नेक करतो, तेच काम कोल्हापूर परिसरात प्रामुख्याने धामण व तस्कर हे स्थानिक साप करतात.